साबण लावून पेट्रोल थांबत नाही!

मैत्रिणींनो, मोटारसायकल हे पुरुषांचं खातं, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण रात्री ती उभी असते आपल्याच पडवीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर!

माझी धाकटी बहीण जुन्नर तालुक्यात, मढला दिलेली आहे. माळशेज घाटाजवळचं गाव, त्यामुळे पाऊस धो धो. गाडी भिजू नये म्हणून रात्री आत घेतात. मागच्या आषाढात मी तिच्याकडे गेले होते. पहाटे चहाला उठलो तर घरभर पेट्रोलचा वास, आणि बहिणीच्या हातात लायटर! "थांब गं!" मी ओरडलेच. गाडीखालची फरशी ओली होती. मेहुण्यांनी गळक्या कॉकला साबण चोळून वेळ मारून नेली होती. साबण पेट्रोलात विरघळत नाही, म्हणून घटकाभर बरं वाटतं. पण पावसाचं पाणी लागलं की साबण धुपतो आणि गळती पुन्हा हजर.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती गॅससारखीच जमिनीलगत पसरते. म्हणून वास आला की काडी ओढू नये, दिव्याचं बटण दाबू नये. दारं-खिडक्या उघडाव्यात आणि गाडी सुरू न करता ढकलत बाहेर काढावी.

कॉक म्हणजे टाकीची तोटी. तिची एक नळी टाकीत उंच उभी असते. 'ऑन'वर पेट्रोल त्या उंच तोंडातून येतं. पातळी त्याखाली गेली की गाडी अडखळते. मग 'रिझर्व्ह'वर तळाचं पेट्रोल मिळतं. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्याला ही सूचना मिळतच नाही, आणि तो घाटात अडकतो! आतलं रबर कुकरच्या रिंगसारखं जुनं होऊन कडक पडतं. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं. जुन्या गाड्यांच्या रबराला तेही मानवत नाही. (२०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना पंप असतो, असा कॉक नसतो.)

आधी गळती कुठली ते पाहावं. कॉक 'ऑफ' केल्यावर थांबली, तर दोष बहुधा पुढच्या पाइपाचा किंवा कार्बोरेटरचा. टाकीच्या जोडातून किंवा कॉकच्या दांडीतून थेंब येत असेल, तर कॉकच बघायचा. काही कॉकचं नुसतं रबर बदलता येतं.

नवा घेताना जुना कॉक सोबत न्यावा, गाडीचं मॉडेल आणि साल सांगावं. स्क्रूंमधलं अंतर किंवा नटाचा आटा, पाइप लावायच्या तोंडाची जाडी आणि दिशा, उंच नळीची लांबी, सगळं ताडून घ्यावं. जाळी आणि पॅकिंग नवंच हवं.

काम अंगणात, उजेडी, इंजिन गार असताना करावं. टाकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी करावी. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही भरू नये, घरात मुलं असतात! टाकीतला गंज-कचरा काढून बसायची जागा पुसावी. पॅकिंग नीट बसवून दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. जोर केला तर आटे जातात. मग पाइप आणि क्लिप लावून टाकीत थोडंच पेट्रोल घालावं, खाली कोरडा कागद ठेवून दहा मिनिटं थांबावं. कागद कोरडा राहिला तर 'ऑन' आणि 'रिझर्व्ह' दोन्हीवर तपासून मगच टाकी भरावी. हात बसलेला नसेल तर मेकॅनिककडून करून घ्यावं, पण कागदाची परीक्षा आपण घ्यावी.

मेहुण्यांनी त्याच दिवशी ओतूरहून नवा कॉक आणला. दिवेलागणीला गाडी आत आली की तो 'ऑफ' केला आहे ना, हे आता बहीणच बघते. मगच देवापुढे दिवा लागतो.