शीत मरुभूमीतील पाणी

मरुभूमी म्हटली की तापलेली वाळू व दाहक ऊन यांचेच चित्र मनात उभे राहते. परंतु लडाख ही अतिशीत मरुभूमी होय. मोसमी वारे दक्षिणेकडील हिमालयाच्या रांगांवर आपली बहुतेक आर्द्रता टाकून देतात. त्यामुळे सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे पाऊस व हिम मिळून वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटरच पाणी पडते.

लेहच्या आग्नेयेस, त्याहूनही उंचावर, नांग हे गाव वसले आहे. सभोवार उघडे, करडे डोंगर आणि मध्ये सातू व वाटाणा यांची पायऱ्यापायऱ्यांची हिरवी शेते. जेथवर पाटाचे पाणी पोहोचते तेथवरच ही हिरवळ. हे पाणी मुख्यतः वितळलेल्या हिमाचे असते. लडाखी भाषेत पाटाला ‘युरा’ म्हणतात. कोणत्या शेताला केव्हा पाणी द्यावयाचे हे ठरविण्यासाठी अनेक लडाखी गावांत ‘चुरपोन’ नेमण्याची जुनी चाल आहे.

तथापि पाणी पुरेसे असून भागत नाही. ते वेळेवर यावे लागते. थंडी परतण्यापूर्वी पीक हाती यावयाचे, तर पेरणी एप्रिल-मे महिन्यांतच उरकली पाहिजे. परंतु ५,००० मीटरांहून अधिक उंचीवरील हिमनद्या जूनच्या सुमारास वितळू लागतात. उलटपक्षी, हिवाळ्यात ओढ्यांचे पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता वाहून जाते.

चेवांग नोर्फेल या लडाखी अभियंत्यांनी १९८० नंतरच्या दशकात यावर एक उपाय योजला. हिवाळ्यात ओढ्याचे पाणी दरीच्या सावलीतील भागाकडे वळवावयाचे व दगडी बांधांच्या ओळींनी त्याचा वेग मंदावावयाचा. संथ पाणी थरावर थर गोठत जाते. ही ‘कृत्रिम हिमनदी’ गावाच्या जवळ व कमी उंचीवर असल्याने आधी वितळते आणि पेरणीस पाणी मिळते. नांग येथेही असे बांध घालण्यात आले आहेत. या कार्यासाठी नोर्फेल यांना २०१५ साली पद्मश्री देण्यात आली.

या युक्तीलाही मर्यादा आहे. बांध पाणी साठवितात, निर्माण करीत नाहीत. हिमवृष्टी कमी झाली किंवा हिवाळा पुरेसा थंड नसला, तर बर्फही थोडेच साठते. तापमानवाढीमुळे हिमालयातील हिमनद्या आक्रसत आहेत. ज्या गावाचे प्रत्येक शेत हिमावर अवलंबून आहे, त्याच्यापुढे हा प्रश्न तेथे राहता येईल की नाही, असाच उभा आहे.