चैत्रातील मिरची व तिचे घर

माघात टोकलेले मिरचीचे बी चैत्र लागेतो वीतभर उंचीची रोपे होऊन उभे राहते, आणि मग ओसरीवरील ही रोपे बाहेर कोठे न्यावी, हा प्रश्न बागेची आवड असलेल्या प्रत्येक घरी पडतो. प्रश्न लहान आहे खरा. परंतु त्याचे चुकीचे उत्तर दिल्यामुळे आमच्या कल्याणच्या घरचे एक जुने वाण नष्ट होता होता राहिले. वाचकांपैकी कोणावर तसा प्रसंग येऊ नये, एवढ्यासाठी ती हकीकत येथे देत आहो.

हे वाण आमच्या सौभाग्यवतींच्या दापोलीकडील माहेरचे. फळ बोटाच्या दोन पेरांएवढे, सालीस पातळ आणि तिखटपणापेक्षा वासाने ओळखू येणारे. त्यांच्या मातोश्री हयात होत्या तोपर्यंत दरवर्षी राखेत घोळलेल्या बियांची पुडी येत असे. पुढे त्या गेल्या, घर बंद झाले, परसही मोडले. २०२४ च्या आरंभी बाटलीत बेचाळीस बिया उरल्या होत्या. मिरचीचे बी साध्या ठेवणीत दोन-तीन वर्षांपलीकडे भरवशाचे राहत नाही. म्हणून त्यांतील अर्ध्या बिया माघात पेरल्या. सोळा उगवल्या.

आमचा पुतण्या इंग्लंडात असतो. त्याच्या अंगणात काचेचे लहानसे घर आहे. त्यात शेगडी नाही की विजेची ऊब नाही. वसंतात खिडकीतील मिरचीची रोपे तो त्या घरात हलवितो आणि पुढे सूपभर मिरच्या काढतो. "काका, एकदा करून तर पाहा," असा त्याचा आग्रह पडला. आम्हीही पारदर्शक प्लास्टिकचे तयार घरकुल आणून गच्चीवर उभे केले आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १० एप्रिल रोजी, सोळाही रोपे आत ठेवली. "अहो, आत आपल्यालाच घटकाभर उभे राहवत नाही, त्यांना राहवेल का?" असे सौभाग्यवतींनी विचारले. शिक्षकाच्या जुन्या खोडीप्रमाणे आम्ही त्यांस हरितगृहाचे तत्त्व समजावून सांगितले.

त्या महिन्याच्या मध्यास ठाणे जिल्ह्यात उष्णतेची लाट आली. एका दुपारी दार उघडून पाहतो तो पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. सायंकाळी पाणी घालूनही एकही रोप सावरले नाही. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. उरलेल्या एकवीस बियांची बाटली तेवढी त्यांनी आमच्या मेजावरून उचलून आपल्या कपाटात ठेवली.

दोष पुतण्याच्या सल्ल्याचा नव्हता. तो स्थळकाळ न पाहता उचलला, हा दोष आमचा. इंग्लंडात एप्रिलच्या रात्रीही दंव गोठते. तेवढी थंडी मिरचीस एक रात्रही सोसत नाही, आणि पारा दहा-बारा अंशांखाली राहिला की तिची वाढ थांबते. काच सूर्यप्रकाश आत येऊ देते. त्याने माती व हवा तापते, परंतु तापलेल्या हवेस बाहेर जाण्यास वाट मिळत नाही. म्हणून रात्रीचा पारा दहा अंशांवर स्थिरावला, म्हणजे बहुधा एप्रिलअखेर वा मे महिन्यात, तिकडील लोक रोपे काचघरात नेतात आणि गारठ्याची रात्र दिसली तर त्यांवर पातळ कापड पांघरतात. तेथे ते घर उबेसाठी असते. कल्याणास चैत्रात बाहेरच पारा पस्तीस अंशांच्या वर जातो. त्यात बंद घर म्हणजे भट्टीच होय.

मिरचीचा मूळ स्वभाव पाहिला असता हेच दिसते. ही वनस्पती आपली नव्हे. संस्कृतातील 'मरिच' म्हणजे मिरे. चरक-सुश्रुतांस मिरची ठाऊकच नव्हती. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणिली, आणि आमच्या शेजारची वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होती. मेक्सिकोत आजही आढळणारी रानमिरची बहुधा मोठ्या झुडुपांच्या आडोशास, अर्ध्या सावलीत वाढते. मिरचीस ऊन हवे, परंतु कोवळेपणी डोक्यावर आडोसाही हवा.

२०२५ साली उरलेल्या बिया पेरल्या. नऊ उगवल्या, त्यांतील दोन बुंध्याशी कुजून कोलमडल्या. राहिलेल्या सातांसाठी गच्चीवर सांगाडा तोच ठेवला. मात्र प्लास्टिक काढून निम्मे ऊन अडविणारी हिरवी जाळी वर घातली व चारही बाजू वाऱ्यास मोकळ्या सोडिल्या. पहिल्या दिवशी रोपे सकाळी सात ते आठ एवढीच बाहेर ठेवली. रोज थोडा वेळ वाढवीत दहाव्या दिवशी ती जाळीखाली कायमची नेली. काळ्या पिशव्यांऐवजी मातीच्या कुंड्या घेतल्या, त्या तापत्या गच्चीवर न टेकविता विटांवर ठेवल्या, मातीवर वाळल्या पानांचे आच्छादन केले आणि पाणी पहाटेच घातले. पाने चुरडल्यासारखी दिसू लागताच ती उलटून पाहावी. फुलकिडे, कोळी वा पांढरी माशी तेथेच सापडते. पांढरी माशी तर पाने मुरडणारा विषाणू एका रोपावरून दुसऱ्यावर नेते. आम्ही निंबोळीचा अर्क फवारला व पिवळे चिकट कागद टांगले. मेच्या उकाड्यात फुले गळू लागली तेव्हा मन धास्तावले. परंतु पारा पस्तिसापलीकडे गेला की मिरचीची फुले गळतातच. खताचा मारा न करता वाट पाहिली.

त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनच्या नेहमीच्या तारखेऐवजी २६ मे रोजीच दाखल झाला. कोकणच्या सरींनी रोपे लोळतात आणि साचल्या पाण्याने मुळे कुजतात. तेव्हा माळ्यावर टाकलेले प्लास्टिक घाईने खाली काढून जाळीच्या जागी छपरापुरते बांधले. बाजू मोकळ्याच ठेवल्या. चैत्रात जे रोपांच्या जिवावर उठले, तेच ज्येष्ठात त्यांचे छत्र झाले.

पुढे आलेल्या फुलांपैकी काहींवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या. कारण मिरचीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, तरी मधमाश्या शेजारच्या मिरचीचा पराग आणून वाण बिघडवू शकतात. श्रावणात पहिले फळ लाल झाले. त्याचा ठेचा करावा असे नातवंडांचे म्हणणे होते. ते फेटाळले गेले. बी सावलीत वाळवून, राखेत घोळून चार बाटल्यांत भरले आणि तीन बाटल्या तीन नातलगांच्या घरी दिल्या, कारण एकाच घरी ठेवलेले वाण एका दुपारीत जाऊ शकते, हे आम्ही पाहिले आहे. चौथी बाटली सौभाग्यवतींच्या कपाटात आहे, आणि ती तेथेच असावी असे आमचेही मत आहे.