मोटारीच्या मागील चाकाचें बेअरिंग

मोटार धावत असतां मागील चाकांतून घरघर ऐकूं येऊं लागली, तर तिची हयगय करूं नये. बेअरिंग झिजल्याची ती सूचना होय. तें अडकून बसल्यास प्राणावर बेततें.

ज्या मोटारींचीं पुढील चाकें इंजिन फिरवितें, त्यांपैकीं जुन्या पुष्कळींत मागें निमुळत्या रुळांचीं बेअरिंगें असत. त्यांचें पेटंट हेन्री टिमकेन व त्यांचे सहकारी यांस अमेरिकेंत १८९८ सालीं मिळालें.

हातब्रेक सोडल्यावांचून ड्रम निघत नाहीं. म्हणून प्रथम पुढील चाकांस ठोकळे द्यावे. गाडी जॅकनें उचलून घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर राहूं नये. चाक उतरवून टोपी, पिन, नट व वॉशर काढावे आणि ड्रम ओढून घ्यावा. त्यांतील जुनीं कडींही ठोकून काढावीं, कारण झिजलेल्या कड्यांत नवे रूळ टिकत नाहींत. नवीं कडीं समतोल बसवून, रुळांच्या फटींत ग्रीस दाबून भरावें. सीलही नवें घालावें.

शेवटीं ड्रम फिरवीत नट आवळावा, मग सैल करून गाडीच्या पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें हलकेच बसवावा. फार आवळल्यास बेअरिंग तापून जळतें. फार सैल ठेवल्यास चाक डुलतें. पिन मात्र नेहमीं नवीच असावी. त्या क्षुल्लक पिनेच्या आधारें साऱ्या कुटुंबाचा प्रवास चाललेला असतो, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.