अंतर, उजेड आणि ऐपत : हौशी पक्षिछायाचित्रणाच्या दोन साधनांचा मागोवा

चालू शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातील हौशी पक्षिनिरीक्षकाच्या गळ्यातील दुर्बिणीला कॅमेऱ्याची जोड मिळाली, आणि ही जोड मिळवताना मर्यादित ऐपतीच्या जवळजवळ प्रत्येक निरीक्षकाला एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागले. हाती असलेल्या रकमेत, ज्याची लेन्स काढता येत नाही परंतु जो दूरवर पोहोचतो अशा सुपरझूम ब्रिज कॅमेऱ्याची सोय पत्करावी, की कोणीतरी वापरून विकायला काढलेला जुना डीएसएलआर आणि त्यास साजेशी एखादी लेन्स घेऊन छायाचित्रणाचा रीतसर मार्ग धरावा? भिगवणच्या नावेत, सिंहगडाच्या पायथ्याशी, ऐरोलीच्या खाडीकाठी आणि नांदूर मधमेश्वरच्या मनोऱ्यावर हा वाद मी कितीतरी वेळा ऐकला आहे. आता बाजाराचे लक्ष आरसाविरहित अशा तिसऱ्याच जातीच्या कॅमेऱ्याकडे वळले असल्यामुळे, विक्रेत्याच्या आग्रहाचा आणि नव्याच्या मोहाचा उपद्रव न होता या वादाचा निवाडा करता येईल असे वाटते.

या प्रश्नाचे मोल समजण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. फिल्मच्या काळात छत्तीस चित्रांचे एक रीळ, ते धुऊन घेण्याचा आणि छापून घेण्याचा खर्च, आणि त्यातून एखादेच चित्र हाती लागण्याची शक्यता, असा सारा हिशेब होता. आणि पक्ष्याजवळ पोहोचणारी लांब लेन्स ही तर सामान्य नोकरदाराच्या आटोक्याबाहेरचीच वस्तू होती. त्यामुळे बहुसंख्य निरीक्षकांचे दप्तर म्हणजे त्यांची वही, आणि पुरावा म्हणजे त्यांचा शब्द. चोचीचा आकार, भुवईची रेघ, पंखांवरील पट्टे आणि उडण्याची ढब यांचे वर्णन लिहून ठेवावे आणि घरी येऊन सालिम अलींच्या पुस्तकातील चित्रांशी ताडून पाहावे, हा शिरस्ता होता. या शिस्तीने निरीक्षक घडले हे निःसंशय. तथापि तुतवारांच्या गोंधळात टाकणाऱ्या जाती किंवा आकाशात उंच घिरट्या घालणारे शिकारी पक्षी यांच्याबाबतीत शंका उरली की ती बहुधा कायमची उरत असे.

१९९९ साली निकॉनचा डी१ आला, तेव्हा त्याची क्षमता केवळ २.७ मेगापिक्सेलची होती आणि किंमत वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना परवडेल अशीच होती. २००३ साली कॅननच्या ६.३ मेगापिक्सेलच्या ईओएस ३००डी या कॅमेऱ्याने एक हजार डॉलरच्या आत येऊन हौशी माणसासाठी डीएसएलआरचे दार उघडले, आणि पुढच्याच वर्षी निकॉनचा डी७० त्याच्या जोडीला उभा राहिला. दुसरी वाट याच सुमारास फुटली होती. २००० सालच्या ऑलिंपसच्या सी-२१०० अल्ट्रा झूममध्ये दहापट झूम आणि हाताचा कंप शोषून घेणारी स्थिरीकरणाची योजना एकत्र आली होती; २००२ साली पॅनासॉनिकच्या एफझेड१ ने बारापट झूम देऊन, इतकेच नव्हे तर त्या संपूर्ण टप्प्यात एफ/२.८ हे मोठे छिद्र कायम राखून, लहान यंत्राकडून काय साधता येते याचा दाखला दिला. परंतु त्या यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमधील चित्र खरखरीत आणि मागे रेंगाळणारे असे, आणि फांदीवरून फांदीवर जाणारा पक्षी त्यात सापडेपर्यंत तिसऱ्या फांदीवर गेलेला असे. या आरंभीच्या दोषांमुळे ब्रिज कॅमेऱ्याविषयी जी अनास्था निर्माण झाली, ती दोष कमी झाल्यावरही बराच काळ टिकून राहिली.

पुढचे दशक उभयपक्षी समृद्धीचे होते. २००८ साली आलेल्या निकॉन डी९० ने १२.३ मेगापिक्सेलचा उत्तम सेन्सर हौशी माणसाच्या हाती दिला. २०१० साली कॅननचा एसएक्स३० पस्तीसपट झूमपर्यंत गेला, आणि २०१२ साली आलेला एसएक्स५० एचएस पन्नासपटीपर्यंत, म्हणजे फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने २४ ते १२०० मिलिमीटरच्या समतुल्य टप्प्यापर्यंत, पोहोचला. या कॅमेऱ्यात रॉ स्वरूपाची सोय होती, आणि झूम पूर्ण ताणलेला असताना पक्षी चौकटीतून निसटल्यास तात्पुरते मागे येऊन त्यास पुन्हा गाठण्यासाठी एक स्वतंत्र बटण होते. हे बटण ज्याने योजले त्याने रानात पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना होणारी तगमग जाणली होती, असे मला नेहमी वाटत आले आहे. २०१५ साली निकॉनचा पी९०० आला आणि त्याने ८३ पट, म्हणजे २००० मिलिमीटरच्या समतुल्य मर्यादा गाठली. चंद्रावरील विवरे हातात धरलेल्या कॅमेऱ्याने टिपणारी चित्रफीत घरोघरी पाहिली गेली आणि ज्यांना छायाचित्रणात रस नव्हता त्यांनीही या यंत्राचे नाव ऐकले. २०१८ च्या पी१००० ने हीच मर्यादा ३००० मिलिमीटरपर्यंत नेली, पण त्याबरोबर वजनही १.४ किलोंवर नेले. डीएसएलआरच्या बाजूनेही टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १५०-६०० आणि निकॉनची २०१५ सालची २००-५०० अशा लेन्स याच काळात आल्या. परंतु त्या दोन-दोन किलो वजनाच्या होत्या आणि त्यांची किंमत अनेकदा सबंध ब्रिज कॅमेऱ्याहून अधिक होती.

वादात नेहमी उच्चारला जाणारा मुद्दा सेन्सरच्या आकाराचा. ब्रिज कॅमेऱ्याच्या १/२.३ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर, तर डी९० सारख्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचे सुमारे ३७० चौरस मिलिमीटर. म्हणजे तफावत तेरापट. एवढे सांगून पुष्कळ जाणकार निकाल जाहीर करून मोकळे होत. वस्तुतः दूरच्या पक्ष्याकडून किती उजेड गोळा होतो हे लेन्सच्या परिणामी छिद्राच्या व्यासावर अवलंबून असते, आणि हा व्यास काढण्यास साधा भागाकार पुरतो. पी९०० ची खरी नाभीय लांबी पूर्ण झूमवर ३५७ मिलिमीटर आणि छिद्र एफ/६.५ असते, ३५७ ला ६.५ ने भागले की सुमारे ५५ मिलिमीटर येतात. डीएसएलआरधारकांत अतिशय प्रचलित असलेल्या ७०-३०० लेन्सचे ३०० मिलिमीटरवरील छिद्र एफ/५.६, येथे भागाकार सुमारे ५४ येतो. तळ्याच्या पैलतीरावर बसलेल्या पक्ष्याकडून दोन्ही साधने जवळपास सारखाच उजेड घेतात. शिवाय ब्रिज कॅमेरा तो पक्षी अधिक बारीक बिंदूंत विभागतो, म्हणून पिसांची रचना त्यात अधिक स्पष्ट उमटते.

हाच हिशेब जवळच्या पक्ष्यासाठी केला की पारडे पूर्णपणे फिरते. पक्षी इतका समीप आहे की ७०-३०० लेन्सच्या चौकटीत तो नीट भरतो, अशी कल्पना करावी. ब्रिज कॅमेऱ्याला तेवढीच चौकट घेण्यासाठी झूम आखडता घ्यावा लागतो, त्याचे परिणामी छिद्र सोळा-सतरा मिलिमीटरांपर्यंत आकसते, आणि डीएसएलआरला मिळणारा उजेड त्याच्या सुमारे दहापट ठरतो. दोन्ही पक्षांचे अनुभव खरे असूनही एकमेकांस खोटे का वाटत, याचे उत्तर मला या दोन भागाकारांत सापडते. एक जण पैलतीराविषयी बोलत होता आणि दुसरा हातभर अंतरावरच्या झुडपाविषयी.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात जाणाऱ्यास पैलतीराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाण्याच्या उथळ पट्ट्यात रोहित पक्ष्यांचा थवा, त्याही पलीकडे पट्टकदंब, आणि ओलसर मातीवर धावणारे चिमुकले तुतवार. येथे ३०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेल्या चित्रात पक्षी ठिपक्याएवढे येत, तर पी९०० घेतलेला मनुष्य नावेत बसल्या बसल्या पायांच्या रंगावरून जात सांगू शके. मात्र सूर्य वर आला की पाण्यावरील आणि माळावरील हवा थरथरू लागते, आणि त्या थरथरीतून गेलेला प्रकाश कोणत्याही झूमने सावरत नाही. दोन हजार मिलिमीटर हाती असलेल्या माणसालाही सकाळच्या पहिल्या प्रहरीच काम उरकावे लागते. अंतरावर मिळवलेला हा विजय सशर्त आहे.

सिंहगडाच्या खोऱ्यात न्याय उलटा होतो. दाट पानोळ्यातून झिरपणाऱ्या तुटपुंज्या उजेडात नाचण एका जागी क्षणभरही ठरत नाही, आणि स्वर्गीय नर्तक आपली लांब शुभ्र शेपटी मिरवत पाण्यावर उतरतो तेव्हा शटरचा वेग आणि फोकसची तत्परता यांवाचून दुसरे काहीच उपयोगी पडत नाही. पी९०० आणि एसएक्स५० यांसारखे ब्रिज कॅमेरे चित्रातील छायाप्रकाशाचा भेद (काँट्रास्ट) मोजून, पुढे-मागे चाचपडत फोकस शोधत. डीएसएलआरचा आरशाखालील स्वतंत्र सेन्सर फोकस कोणत्या दिशेने आणि किती चुकला आहे हे एकदम सांगतो. नदीवर सूर मारणारा सुरय पक्षी टिपताना हा भेद निर्णायक ठरतो. पी९०० एका सेकंदात सात चित्रे घेत असे, पण सात चित्रांनंतर तो थबके. आणि एका चार्जवर त्याची मजल प्रमाणित चाचणीत सुमारे ३६० चित्रांची, तर डी९० ची ८५० चित्रांची होती.

असे असता, या पंचवीस वर्षांत ब्रिज कॅमेऱ्याच्या वाट्याला जी उपेक्षा आली ती मला अन्यायाची वाटते. चित्रप्रदर्शनांच्या आणि स्पर्धांच्या मोजमापाने त्याला तोलले गेले, आणि त्याचे खरे कार्य या मोजमापात बसतच नव्हते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिसंस्थेने २००२ साली सुरू केलेल्या ई-बर्ड या जागतिक नोंदवहीत आज गावोगावचे शिक्षक, बँकेतील कर्मचारी, शेतकरी आणि विद्यार्थी नोंदी करतात. अनपेक्षित जागी आढळलेल्या पक्ष्याच्या नोंदीस छायाचित्राची जोड असली की पडताळणी करणाऱ्यास निर्णय देणे सुकर होते, आणि असे छायाचित्र सुंदर असण्याची गरज नसते. भुवई, चोच आणि पाय दिसले की पुरे. आपल्याकडे रानपिंगळ्याचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ ज्याचा विश्वसनीय ठावठिकाणा नव्हता तो पक्षी १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा आढळला, आणि पुराव्याच्या खरेखोटेपणाची छाननी किती महत्त्वाची असते हे साऱ्या पक्षिजगताला जाणवले. ज्या साधनाने असा पुरावा सामान्य माणसाच्या हाती दिला, त्याला खेळणे म्हणणे कृतघ्नपणाचे आहे.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. ३०० मिलिमीटरची लेन्स घेतलेला मनुष्य चौकट भरण्यासाठी पावले उचलतो. एक पाऊल, मग दुसरे, आणि शेवटी पक्षी उडतो. घरट्यावर बसलेली मादी अशा पावलांनी उठली तर उन्हात अंडी तापतात, आणि आडोशासाठी असलेली फांदी चित्रासाठी बाजूला सारली गेली तर कावळ्याला आणि शिक्र्याला वाट मिळते. विणीच्या हंगामातील अशा चित्रांचा मोह अनुभवी छायाचित्रकारांनाही आवरता आलेला नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याने पक्ष्याला त्याचे अंतर परत देण्याची मुभा निर्माण केली. ज्यांनी ही मुभा वापरली त्यांची चित्रे निश्चिंत पक्ष्यांची आहेत, आणि पाहणाऱ्याला ते जाणवते.

आज परिस्थिती पालटली आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० साली तो आकडा नव्वद लाखांच्याही खाली आला. मोबाइलने लहान कॅमेऱ्यांचा बाजार गिळला आणि आरसाविरहित कॅमेऱ्यांनी डीएसएलआरचा. याचा एक लाभ असा की डी९०, डी७००० किंवा कॅनन ७०डी यांसारखी भक्कम यंत्रे जुन्या बाजारात अल्प मोबदल्यात मिळू लागली. ती घेताना शटर किती वेळा चालले आहे याची चौकशी करावी, कारण डी९० चे शटर एक लाख वेळांच्या चाचणीस उतरलेले असले तरी त्याला अंत आहे. लेन्स उजेडासमोर धरून कोकणच्या दमट हवेत हमखास धरणारी बुरशी तपासावी. आणि निकॉनच्या डी४० सारख्या लहान कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसल्याने जुन्या लेन्स त्यावर आपोआप फोकस करीत नाहीत, हे लक्षात ठेवावे. ब्रिज कॅमेरा जुना घ्यावयाचा झाल्यास झूम पूर्ण टोकापर्यंत पुनःपुन्हा नेऊन पाहावा. त्यात धूळ शिरली किंवा मोटर थकली तर लेन्स वेगळी करण्याची तजवीज नसते आणि सबंध यंत्रच निकामी होते.

एवढ्या विचारानंतर माझा निवाडा असा : ज्याला पक्षी ओळखायचे आहेत, नोंदी ठेवायच्या आहेत आणि पाणथळ जागी व माळावर हिंडायचे आहे, त्याने निःशंकपणे ब्रिज कॅमेरा घ्यावा. ज्याचे मन झाडीत, पहाटेच्या अंधुक उजेडात आणि उडत्या पंखांत गुंतले आहे, त्याने जुना डीएसएलआर घ्यावा, आणि पैशांचा मोठा वाटा यंत्रापेक्षा लेन्सवर खर्च करावा. यांपैकी काहीही हाती असले तरी वाचकांना एकच आग्रहाची विनंती आहे : पक्षी लहान दिसत असेल तर लहानच टिपावा, आणि विणीच्या दिवसांत घरट्यापासून दूर राहावे.