टेस्टिंगच्या इंटरव्ह्यूतला त्रिकोण

व्याख्या पाठ करून गेलात तर टेस्टरच्या इंटरव्ह्यूची पहिली दहा मिनिटं छान जातात. मग समोरचा विचारतो, "हा प्रोग्राम तीन पूर्णांक घेतो आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगतो. कसा टेस्ट कराल?" ग्लेनफर्ड मायर्स यांच्या 1979 च्या 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' या पुस्तकातलं हे कोडं आजही विचारलं जातं.

5, 5, 5. 5, 5, 3. 3, 4, 5. इथवर सगळेच येतात, आणि बरेच जण इथेच थांबतात. पण 1, 2, 3 दिले तर? दोन बाजूंची बेरीज तिसरीएवढीच, म्हणजे त्रिकोण होतच नाही. घाईत लिहिलेला प्रोग्राम मात्र 'विषमभुज' म्हणून मोकळा होतो. तेच आकडे फिरवून 3, 1, 2 असेही द्या, कारण कोडमध्ये पहिल्या दोघांचीच बेरीज तपासलेली असू शकते. शून्य, ऋण संख्या, अक्षरं, दोनच आकडे हे तर आलंच.

प्रत्येक इनपुटसोबत अपेक्षित उत्तरही सांगा. हे हमखास राहतं. आणि चुकीच्या इनपुटला प्रोग्रामने काय करायचं, हे प्रश्नात दिलेलंच नाही. ते बिनधास्त विचारा. मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा त्याचीच वाट बघत असतो.