मच्छर मारायच्या बॅटीतून उगवलेलं गवत

गिरगाव-दादरच्या चाळींत दिवाळीचा किल्ला उभा राहिला की त्यावर अळीव किंवा मोहरी पेरायची, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. माती ओली ठेवली की तीन-चार दिवसांत तटाखालचा उतार हिरवा होतो. मावळ्यांना आणि सिंहासनावरच्या महाराजांना हे गवत चालून जातं. पायथ्याशी छोटी आगगाडी फिरवायची ठरली, की पंचाईत होते. मॉडेल रेल्वेचं जगभर सर्वांत रुळलेलं प्रमाण १:८७ आहे. त्या जगात चार सेंटिमीटरचा कोंब साडेतीन मीटर उंच ठरतो, आणि गाडी उसाच्या फडातून निघाल्यासारखी दिसते. घाटातलं गुडघाभर गवत दाखवायचं तर पातं चार मिलिमीटरचंच हवं. शिवाय ते उभं हवं. हिरवा रंगवलेला भुसा पसरला तर जमीन हिरवी होते, पण पाती काही दिसत नाहीत.

यावरचा उपाय बायकांच्या कपाळावर कधीपासून आहे. मखमली टिकलीवर बोट फिरवून पाहा. ती मखमल विणलेली नसते. गोंद लावलेल्या पृष्ठभागावर बारीक तंतू विजेच्या जोरावर उभे रोवलेले असतात. दागिन्यांच्या डब्यांचं अस्तरही बऱ्याचदा असंच बनतं. कारखान्यात त्यासाठी दहा हजारांहून जास्त व्होल्टची यंत्रं असतात. मॉडेल रेल्वेवाले तेच काम हातात धरायच्या यंत्राने करतात. तयार यंत्र परदेशातून मागवलं तर महाग पडतं. घरी करायचं तर त्याचा गाभा दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरही मिळतो, मच्छर मारायच्या बॅटीच्या रूपात.

या बॅटीला आपण उगाच कमी लेखतो. आत जेमतेम चार व्होल्टची बॅटरी असते. एक ट्रान्झिस्टर ती वीज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करतो, नखाएवढा ट्रान्सफॉर्मर तिचा दाब काहीशे व्होल्टपर्यंत चढवतो, आणि पुढची डायोड-कपॅसिटरची शिडी तो दुप्पट-तिप्पट करते. अशाच, पण प्रचंड मोठ्या शिडीच्या साहाय्याने कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन या शास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये केंब्रिजला लिथियमचं अणुकेंद्रक फोडलं होतं. आपल्या बॅटीच्या जाळीवर साधारण दीड-दोन हजार व्होल्ट येतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी गेली ती १५०० व्होल्टवर! फरक आहे तो प्रवाहाचा. लोकल शेकडो अँपिअर ओढते, तंतू उभे करायला अँपिअरचा लाखावा भागही पुष्कळ झाला.

बांधणी सोपी आहे. बॅटीची जाळी काढायची. तिच्याकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एक चहाच्या स्टीलच्या गाळणीला जोडायची. गाळणीची मूठ प्लास्टिकची हवी. दुसऱ्या तारेच्या टोकाला क्लिप लावून खिळा पकडायचा आणि तो देखाव्यावरच्या ओल्या गोंदात खुपसायचा. गोंद म्हणजे थोडं पाणी घातलेला फेविकॉल. गाळणीत नायलॉनचे तंतू भरायचे, बटण दाबायचं, गोंदापासून दोनेक सेंटिमीटरवर धरून हलकेच हलवायचं. गाळणीच्या तारेत मेगाओहमचे आठ-दहा रेझिस्टर एकामागोमाग एक जोडावेत, म्हणजे चुकून हात लागला तरी झटका सौम्य राहतो. बटण सोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो, तेव्हा गाळणी खिळ्याला टेकवूनच पुढचं काम करावं. बॅट चार्जिंगला लावलेली असताना हा प्रयोग कधीही करू नये. स्वस्त बॅटींचा चार्जर बहुधा घरातल्या विजेपासून पुरता वेगळा केलेला नसतो, आणि ती वीज जीव घेऊ शकते. मुलांनी हे सगळं मोठ्यांना बरोबर घेऊनच करावं. पेसमेकर बसवलेल्यांनी लांब राहावं.

तंतू उभेच का राहतात? गाळणीला टेकलेला तंतू तिचाच भार उचलतो. सजातीय भार एकमेकांना ढकलतात, म्हणून गाळणी त्याला खाली लोटते आणि विरुद्ध भाराचा गोंद ओढून घेतो. एका तंतूचं वजन ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास, तेव्हा एवढ्या क्षीण बलानेही त्याचं भागतं. दिशा ठरते ती मात्र आकारामुळे. विद्युत क्षेत्रात लांबट तंतूच्या एका टोकाशी धन भार सरकतो, दुसऱ्याशी ऋण, आणि तंतू वळून बलरेषेला समांतर होतो. बलरेषा वाहकाच्या पृष्ठभागाला नेहमी काटकोनात भेटतात. फेविकॉलमध्ये पाणी आहे तोवर तोही वाहक असतो, त्यामुळे तंतू टोकावरच घुसतो. गोंद सुकू लागला की जादू संपली. म्हणून तळहाताएवढ्या जागेलाच गोंद लावावा आणि तिथलं काम उरकून पुढे सरकावं.

मुंबईत खरी अडचण हवेची. लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांत देखाव्यांची धांदल उडते ती नेमकी श्रावण-भाद्रपदात, आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असताना. दमट हवेत नायलॉन पाणी धरतं आणि तंतूंच्या गुठळ्या होतात. गाळणीच्या मुठीवर पाण्याचा पातळ थर बसतो, त्यावरून भार झिरपून जातो. यावर तंतू ओव्हनमध्ये खडखडीत वाळवणं हाही उपाय नव्हे. पार कोरडं नायलॉन इतकं पक्कं रोधक असतं की गाळणीचा भार त्याच्यावर नीट पसरतच नाही. म्हणून कारखान्यांत आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास राखतात. घरी एसीची खोली किंवा सिलिका जेलच्या पुड्या घातलेला बंद डबा पुरतो. तरीही बॅट कमी पडली तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातलं आयनायझरचं मॉड्यूल शोधावं. त्याचा दाब बॅटीच्या कितीतरी पट असतो.

रंगाबाबत एक सांगायलाच हवं. तयार पाकिटातला हिरवा बहुतेकदा युरोपातल्या कुरणांचा असतो. बोरघाटाचा देखावा करायचा तर तो श्रावणातला की दसऱ्यानंतरचा, हे आधी ठरवावं. दसऱ्यानंतर सह्याद्रीचं गवत पिवळं पडतं, म्हणून वाळक्या रंगाचे तंतू सढळ मिसळावेत.

उरला उतार. खरं गवत गुरुत्वाकर्षणाचं ऐकतं आणि कड्यावरही आकाशाकडेच वाढतं; किल्ल्यावरचा अळीवही तेच करतो. विजेने रोवलेलं पातं उताराला काटकोनात, म्हणजे दरीकडे तिरकं उभं राहतं. रायगडाच्या कड्याला ते शोभत नाही. तंतू बसल्यावर, गोंद ओला असतानाच, मऊ कोरड्या ब्रशने त्यांना खालून वर हलकेच फिरवावं. बटण आधी बंद करून.