गोमूत्रिकेची शर्यत

रविवारी दुपारी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी लावायला जागा मिळाली, तर पुणेकर स्वतःला भाग्यवान समजतो. मग हातात भाजलेलं कणीस, पुढ्यात कांदाभजी आणि नजर पाण्यावर. पलीकडे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातल्या एनडीएच्या काठाकडे कधीकधी दहा-बारा शिडं हलताना दिसतात. एक डावीकडे चाललंय, दुसरं उजवीकडे, तिसरं जागच्या जागी डुलतंय. कणीस संपत आलं तरी पुढे कोण आणि मागे कोण याचा पत्ता लागत नाही. ‘फिरायला निघालेत बहुतेक,’ असं म्हणून माणूस भजीकडे वळतो. तिकडे मात्र शर्यत चालू असते, आणि चांगली चुरशीची.

पुण्याला समुद्र नाही. आहे ते धरण. मुठेवरचा हा जलाशय इंग्रजांच्या काळात ‘लेक फाइफ’ म्हणून ओळखला जाई. धरणाची योजना आखणाऱ्या फाइफ या लष्करी अभियंत्याचं ते नाव. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि पुढे ते पुन्हा बांधलं गेलं. त्याआधी, डिसेंबर 1954 मध्ये एनडीए डेहराडूनहून इथे आली होती. लष्कर, नौदल आणि हवाईदल या तिन्हींचे छात्र इथे एकत्र शिकतात. त्यामुळे उद्या रणगाड्यात बसणाऱ्या पोरालाही इथल्या ‘पीकॉक बे’मध्ये शीड कसं धरायचं ते शिकावं लागतं.

शर्यत कळायला आधी वारा कळला पाहिजे. आपल्याकडे वारा पाहून पाठ द्यावी म्हणतात. या खेळात पहिला टप्पाच वाऱ्याच्या तोंडावर असतो. ज्या दिशेने वारा येतो, नेमकं तिकडेच पहिलं बोयं, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, टाकलेलं असतं. पण कुठलीही शिडाची होडी सरळ वाऱ्यात घुसू शकत नाही. शीड फडफडतं आणि होडी थांबते. वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवून एका बाजूला जायचं, मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला. चालता चालता मुतणाऱ्या बैलामागे रस्त्यावर जी नागमोडी रेघ उमटते, तिला मराठीत गोमूत्रिका म्हणतात. होडीची वाट अगदी तशीच. होडीवर मात्र हा शब्द कोणी वापरत नाही, तिथे ‘टॅक’ मारतात.

म्हणूनच चौपाटीवरच्या माणसाला काही उमगत नाही. डावीकडे गेलेली होडी आणि उजवीकडे गेलेली होडी एकाच बोयाकडे निघालेल्या असतात. कोण पुढे, हे दोघी पुन्हा एकमेकींना छेदतील तेव्हाच कळणार.

होड्या लहान असतात. पोरांची ‘ऑप्टिमिस्ट’ जेमतेम 2.36 मीटर लांब, जवळजवळ आंघोळीच्या टबाएवढी. अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्सने 1947 मध्ये ती प्लायवूडमधून, गरीब घरच्या पोरांनाही परवडावी अशा हिशोबाने काढली. ‘एंटरप्राइज’ दोघांची, जॅक होल्टची, 1956 सालची. तिची निळी शिडं लांबूनही ओळखू येतात. आणि ‘लेझर’ एकट्याची. ब्रूस कर्बीने 1969 मध्ये फोनवर बोलता बोलता कागदावर तिची आकृती खरडली. तिला आता ‘इल्का’ म्हणतात. लांबी 4.23 मीटर, नुसत्या होडीचं वजन 59 किलोच्या आसपास. सांगाडा तोच ठेवून लहान-मोठं शीड लावता येतं, म्हणून त्याच होडीत शाळकरी मुलगीही उतरते आणि ऑलिम्पिकचा खेळाडूही. 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत नेहा ठाकूरने यातल्या सगळ्यात लहान शिडावर रौप्यपदक घेतलं, तर सैन्यातल्या विष्णू सरवणनने मोठ्या शिडावर कांस्य.

शर्यतीच्या दिवशी सकाळी बहुतेक वेळ वाट पाहण्यातच जातो. थंडीच्या दिवसांत दहापर्यंत पाणी आरशासारखं. काठावर डोलकाठ्या उभ्या राहतात, शिडाला चिकटवलेले लोकरीचे दोरे तपासले जातात. शिडावरून वारा नीट वाहतोय की नाही, ते हे वीतभर दोरे सांगतात. आडवे राहिले तर ठीक, नाचू लागले तर सुकाणू किंवा दोर चुकला. ऊन चढतं, डोंगर तापतात आणि पाण्यावर काळपट पट्टे उमटू लागतात. तोच वारा. समुद्रावर तो तासन्‌तास एका दिशेने वाहतो. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या इथल्या पाण्यावर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी कूस बदलतो. समुद्रावरच्या तरबेज माणसाचीही इथे फजिती होते ती यामुळेच.

सुरुवात पाच मिनिटं आधी होते. भोंगा वाजतो, निशाण चढतं. चार मिनिटं उरली की दुसरं निशाण, एक मिनिट उरलं की ते खाली. होडीला ब्रेक नसतो, त्यामुळे रेषेमागे सगळ्या एकमेकींत घुसत घिरट्या घालतात. शून्याच्या क्षणी भरधाव वेगात रेषेवर असणं ही खरी कला. क्षणभर आधी गेलात तर परत फिरून पुन्हा सुरुवात करायची. मग पाय पट्ट्यांत अडकवून अख्खं अंग होडीबाहेर झोकायचं. मांड्या पेटतात. वाऱ्याचा झोत एकदम पडला तर होडी कलंडते. तळातून पाण्यात उतरणाऱ्या सेंटरबोर्ड नावाच्या फळीवर उभं राहून, कड धरून ती पुन्हा सरळ करायची आणि चिंब अंगाने पुढे निघायचं. हेच पाणी पुढे शुद्ध होऊन पुण्याच्या नळाला येतं, हे त्या वेळी कोणाच्या मनात येत नाही.

पुण्यासारखाच दिल्लीलाही समुद्र नाही, म्हणून तिथल्या 1982 च्या आशियाई खेळांत शिडाच्या शर्यती अर्थातच मुंबईत झाल्या. फायरबॉल या दोघांच्या होडीत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकलं. मोठ्या होड्यांचं जग वेगळं. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती ‘म्हादेई’ 56 फुटांची, गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली. पण वाऱ्याचा हिशोब दोन्हीकडे एकच.

या खेळात पाण्यावर सहसा शिट्टी घेऊन धावणारा पंच नसतो. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची, हा पहिला नियम. तो मोडला तर आपणहून दोन गिरक्या घ्यायच्या, बोयाला नुसतं अंग लागलं तर एक. गिरकी घेतली नाही, तर समोरचा ‘प्रोटेस्ट’ असं ओरडतो आणि भांडण काठावर येतं. संध्याकाळी चहाच्या टेबलावर खेळण्यातल्या होड्या मांडल्या जातात. त्या नसल्या तर काडेपेट्या. पेन्सिल म्हणजे वारा. उलटी ठेवलेली कपबशी म्हणजे बोयं. दोन भिजलेली पोरं काडेपेट्या बोटांनी सरकवत समितीपुढे सांगत असतात, मी इथे होतो, तू तिथे. इतक्यात कोणाचा तरी धक्का लागून पेन्सिल फिरते, आणि दोघंही एकदम म्हणतात, वारा असा नव्हता!